मधली प्लेट

नागपूरजवळच्या वाडीत, मामांच्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानात मी सगळ्यांत आधी शिकलो ते उजेड पाहायला. इंजिनचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला धातूचा मुख्य ठोकळा, उघडला की त्याच्या फेसवर, सपाट माथ्यावर, पोलादी स्ट्रेट एज (सरळ पट्टी) धारेवर उभी ठेवायची, डोळा फेसच्या पातळीत आणायचा आणि पलीकडून बॅटरी मारायची. फेस सपाट असेल तर पट्टीखाली सलग काळोख. कुठे केसासारखी चकाकणारी रेघ दिसली की तिथे खोलगट आहे. मग त्या रेघेत फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांच्या जुडग्यातली, पाती सरकवून पाहायची. मिलिमीटरच्या तीन शतांशाची जाते का, पाच शतांश जाते का. मामांना बॅटरी क्वचितच लागे. दुकान अमरावती रोडवरून आत वळणाऱ्या गल्लीत, तोंड पश्चिमेला. एप्रिल-मेमध्ये चार वाजता शटरखालून ऊन असं आडवं आत यायचं की ब्लॉक नुसता फिरवून ठेवला तरी काम भागायचं.

मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ. बोअरिंगचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल करण्याचं दुकान, मुख्यतः ट्रकचं. नागपूरला महामार्ग ४४ आणि महामार्ग ५३ एकमेकांना छेदतात, त्यामुळे देशाच्या चारही दिशांची इंजिनं वाडीत येऊन थकतात असं मला लहानपणी वाटायचं. अकरावीच्या सुट्टीत मी तिथे जाऊन बसू लागलो आणि मग बसतच गेलो. ट्रकच्या ब्लॉकमध्ये लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली बदलता येणारी नळी, बसवताना तो डेकच्या, म्हणजे ब्लॉकच्या फेसच्या, वर किंचित उभा ठेवायचा असतो, एक दशांश मिलिमीटरच्या आसपास, कारण गॅस्केटची, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या पातळ चकतीची, कडा त्यावरच खरी दाबली जाते. मामा ते डायल गेजनं मोजायचेच, पण त्याआधी अंगठ्याचं नख लायनरच्या कडेवरून फिरवायचे आणि आकडा सांगायचे. गेज नंतर त्यांच्याशी सहमत व्हायचं.

डेक हा शब्द मी पुढे पुस्तकांतून उचलला. दुकानात 'ब्लॉकचा फेस' आणि 'हेडचा फेस' एवढंच. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण. ते ज्यावर बसतं तो ब्लॉकचा वरचा सपाट भाग म्हणजे डेक, आणि खाली फिरणाऱ्या क्रँकच्या मध्यापासून तिथपर्यंतचं अंतर म्हणजे डेकची उंची. या उंचीत तीन मापं बसवायची असतात: अर्धा स्ट्रोक (स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव), पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची लांबी, आणि पिस्टनच्या पिनपासून माथ्यापर्यंतची उंची. बेरीज जास्त झाली की पिस्टन डेकच्या बाहेर डोकं काढतो आणि हेडवर आदळतो. म्हणजे त्याच ब्लॉकमध्ये लांब स्ट्रोकचा क्रँक टाकून इंजिन मोठं करायचं तर एक तर रॉड आखूड करा, पिस्टन बुटका करा, नाही तर छत वर उचला.

कंपन्या छतच वर उचलतात. मारुतीच्या एस्टीमचं इंजिन १२९८ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५. बलेनोचं १५९० सीसी, त्याच घराण्यातलं, बोअर ७५ आणि स्ट्रोक ९०. बोअर एका मिलिमीटरनं वाढला, स्ट्रोक साडेचौदा मिलिमीटरनं, आणि त्यासाठी सुझुकीनं ब्लॉकच उंच ओतला. अमेरिकेत फोर्डनं आपल्या ३०२ घन इंचांच्या व्ही-८ पासून ३५१ केलं तेव्हा बोअर चार इंचांचाच ठेवला, स्ट्रोक तीनाचा साडेतीन इंच केला आणि डेक ८.२ इंचांवरून ९.५ वर नेला. जवळजवळ ३३ मिलिमीटर नवं लोखंड. ते लोखंड ब्लॉकबरोबरच साच्यात ओतलेलं होतं, मध्ये सांधा नव्हता. कारखान्याकडे साचा बदलायची ऐपत असते. ज्याच्याकडे साचा नाही, त्याला प्लेट सुचते.

मला ती सुचली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडे एक जुनी जिप्सी होती. तिच्यातही तेच १२९८ सीसीचं इंजिन, ब्लॉक ॲल्युमिनियमचा, हेडही ॲल्युमिनियमचं. मित्रानं एका भंगारातल्या डिझेल गाडीचा टर्बो मिळवला होता. टर्बो लावायचा म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आधीच दाबून भरायची. मग पिस्टननं पुन्हा नऊपट दाबली की मिश्रण ठिणगीआधीच भडकतं, इंजिन खडखडतं, पिस्टनचा माथा फुटतो. म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे हा दाबण्याचा पट, उतरवायचं. त्याचा सरळ मार्ग म्हणजे खोलगट माथ्याचे पिस्टन, आणि ते महाग. स्वस्त मार्ग म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मध्ये एक प्लेट, जिला डेक प्लेट म्हणतात.

हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर केला होता. ते पान अजून आहे. एका सिलिंडरचे सुमारे ३२५ सीसी. कॉम्प्रेशन ९ धरलं तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ३२५ भागिले ८, म्हणजे साधारण ४०.६ सीसी. ७४ मिमी बोअरचं क्षेत्रफळ ४३ चौरस सेंमी. तीन मिलिमीटरची प्लेट टाकली की जागा जवळजवळ १३ सीसीनं वाढते. आता ५३.५. बेरीज-भागाकार केला की कॉम्प्रेशन येतं ७.१. खाली मी दोनदा रेघ ओढली होती. ७.१ म्हणजे मनाजोगतं. एक गोष्ट मात्र वहीत नव्हती. प्लेट टाकली की गॅस्केट एक नाही, दोन लागतात, आणि दुसरं गॅस्केटही जागा खातं. आवळल्यावर सव्वा मिलिमीटर उरलं तरी आणखी पाच सीसी. मग कॉम्प्रेशन साडेसहावर येतं. हे मामांनी दाखवलं, आणि तेही आकडेमोड न करता.

"हे काय आणलं?"

"प्लेट, मामा. हेड अन् ब्लॉकच्या मधात टाकायची."

त्यांनी ती हातात घेतली नाही. मांडणीवरचा एक ब्लॉक दाखवून विचारलं, "इथं जोडाले फेस किती?"

"दोन."

"अन् हे टाकल्यावर?"

"चार."

"चार फेस. दोन गॅस्केट. कंपनीनं एक जोड देला तर तेवढ्यावरच या गल्लीचं पोट भरून राह्यलं. तू दुसरा जोड पैसे देऊन आणून राह्यला."

मला राग आला होता. मामा ट्रकवाले, त्यांना रेसचं काय कळतं, असं काहीसं मनात येऊन गेलं. तरी त्यांनी काम नाकारलं नाही. जे करायचं ते नीट करू, म्हणाले, आणि पहिल्याच दिवशी माझी एक मोठी चूक वाचवली. मी जुनं गॅस्केट प्लेटवर ठेवून भोकं आखत होतो आणि पाण्याची सगळी भोकं एकाच ड्रिलनं, सारखी मोठी पाडणार होतो. सोपं पडलं असतं. त्यांनी गॅस्केट उचलून माझ्यासमोर धरलं. पंपाकडच्या बाजूची भोकं बारीक, मागच्या सिलिंडरकडे जाताना मोठी होत गेलेली. पाण्याला जवळची वाट मोकळी मिळाली तर ते पुढूनच वर चढून निघून जातं आणि मागचा सिलिंडर तहानलेला राहतो. म्हणून गॅस्केटची भोकं हीच तोटी असते. प्लेटमध्ये मी सगळं मोकळं केलं असतं आणि खालचं गॅस्केट हातानंच कापायचं असल्यामुळे त्यातही तेच मोकळं माप उतरलं असतं. त्या पातळ कागदी-पत्र्याच्या तुकड्यात कोणी एवढा विचार ठेवला असेल हे मला तोवर माहीत नव्हतं. आजही फाटलेलं हेड गॅस्केट फेकण्याआधी मी ते उजेडात धरून बघतो.

दुसरी गोष्ट मला कोणी थांबवून सांगितली नाही, आणि तीच मला सगळ्यांत जास्त सलते. पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्या माथ्याचा काही भाग हेडच्या सपाट भागाजवळ जातो, अगदी जवळ, एक मिलिमीटरच्या आसपास. दोन तळहात झपकन जवळ आणले की मधली हवा कडेनं कशी सुटते, तसं तिथलं मिश्रण पिळून स्पार्क प्लगकडे फेकलं जातं. त्याला स्क्विश म्हणतात. त्या झोतानं मिश्रण घुसळतं, ज्वाला भराभर पसरते, आणि कोपऱ्यात न जळलेलं काही उरून मागाहून भडकत नाही. तीन मिलिमीटरची प्लेट आणि वर एक गॅस्केट टाकलं की हे अंतर एकाचं पाच मिलिमीटर होतं. तळहात जवळ येतच नाहीत. मग जाळ संथ होतो, आणि खडखडाट कमी करण्यासाठी कॉम्प्रेशन उतरवलं तो खडखडाट दुसऱ्या दारानं परत यायला बघतो. खोलगट पिस्टन घेतला असता तर कडेची सपाट जागा जवळच राहिली असती, खड्डा फक्त मध्यभागी पडला असता. पैसे नेमके तिथे लागत होते, आणि नेमके तिथेच मी ते वाचवले.

प्लेट हिंगणा एमआयडीसीत कापून, दोन्ही बाजूंनी ग्राइंड करून आणली. पोलादाची. ॲल्युमिनियमची हवी होती, पण हवी तेवढी रुंद आणि सरळ चादर हाताशी नव्हती, आणि पोलाद म्हणजे भक्कम अशी माझी समजूत होती. वरच्या सांध्याला कंपनीचं गॅस्केट, खालच्याला तांब्याच्या पत्र्याचं हातानं कापलेलं, लाल तापवून पाण्यात बुडवून मऊ केलेलं. बोल्टांच्या जागी लांब स्टड. हेड तीन मिलिमीटर वर गेल्यामुळे टायमिंग बेल्टची ताणलेली बाजू तेवढीच लांबली आणि त्यानं फिरणारा, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम काही अंश मागे पडला. तो पुलीला लांबट गाळे पाडून जागेवर आणला. हे सगळं आता दोन ओळींत लिहून होतं. तेव्हा तीन महिने लागले.

जानेवारीत जिप्सी चालू झाली. वर्धा रोडच्या सिग्नलवर ती मंद वाटायची, कारण टर्बो फिरू लागेपर्यंत साडेसहा कॉम्प्रेशनचं सुस्त इंजिनच काय ते पायाखाली होतं. पण एकदा टर्बोनं श्वास घेतला की पाठ सीटला चिकटायची. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, काही झालं नाही. मी मामांना रोज फोन करून सांगायचो की काही झालं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तर्री पोहे खाऊन रामटेकला निघालो. कामठी, मनसर, तिथून आत. परतायला उशीर करू नका, ऊन आहे, असं घरी बजावलेलं. पारा ४५ च्या वर होता. गडाच्या चढावर, दुसऱ्या वळणाला तापमानाचा काटा एकदम उभा झाला आणि आरशात पांढरा धूर दिसला. त्याला गोडसर वास होता. कूलंटचा. डिपस्टिक काढली तर ऑइल पातळ ताकासारखं. टेम्पोच्या मागे दोर बांधून गाडी वाडीला आणली तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि मामा आत कूलरसमोर बसून होते. काही बोलले नाहीत. पाणी दिलं. मग म्हणाले, "थंडं होऊ दे. गरम हेड उघडाचं नाई."

दुसऱ्या दिवशी उघडलं. वरचा सांधा, कंपनीच्या गॅस्केटचा, ठीक होता. खालच्या सांध्यात तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर तांब्याला जळकी खाच पडली होती. तिथून जाळ पाण्यात शिरला आणि पाणी ऑइलमध्ये. त्याहून महत्त्वाचं होतं ते प्लेटवर दिसलं. दोन्ही टोकांना, स्टडच्या भोकांभोवती, पोलाद घासून चकचकीत झालं होतं आणि कडेला लालसर भुकटी जमली होती. कोणी पॉलिश पेपर मारल्यासारखं. पोलादी प्लेट आणि ॲल्युमिनियमचा ब्लॉक एकमेकांवर घासत होते.

हिशोब मी त्या रात्री केला. ॲल्युमिनियम एका अंशाला दर मीटरमागे २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पसरतं, पोलाद १२. इंजिनची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर. सकाळी गार इंजिन ते चालून तापलेलं, सत्तर अंशांचा फरक धरला तर टोकापासून टोकापर्यंत ब्लॉक प्लेटपेक्षा पाव मिलिमीटर जास्त लांब होतो. पाव मिलिमीटर. दर वेळी गाडी चालू केली की एवढं सरकणं, बंद केली की तेवढंच परत, जानेवारीपासून मेपर्यंत, आणि तेही खाली-वर दोन्ही सांध्यांत. लोखंडी ब्लॉक आणि ॲल्युमिनियम हेडच्या लाखो गाड्या रस्त्यावर आहेत, त्यांच्याही सांध्यात असं सरकणं असतंच. पण तिथे ते आधी मोजलेलं असतं. पोलादी पत्र्यांचे थर असलेलं, वर मऊ लेप दिलेलं गॅस्केट त्याच सरकण्यासाठी घडवलेलं असतं, आणि त्याला फेसही तसाच गुळगुळीत लागतो. आमचं तांबं कशासाठीच घडवलेलं नव्हतं. ते फक्त मापानं कापलेलं होतं.

त्यानंतर मी सांध्याबद्दल वाचायला लागलो. एवढ्या ताकदीखाली हे दोन धातू एकत्र राहतात तरी कसे, हा प्रश्न डोक्यातून जाईना. जोर लावलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात जाळाचा सर्वोच्च दाब ६० बारच्या आसपास जातो. ४३ चौरस सेंटिमीटरवर तो धरला तर सुमारे अडीच टन. म्हणजे एक सिलिंडर हेडला अडीच टनांचा धक्का देऊन वर ढकलतो, आणि ६००० आरपीएमवर हे सेकंदाला पन्नास वेळा घडतं. त्याला धरून ठेवतात ते बोल्ट. बोल्ट हे खिळे नव्हेत, ते ताणलेले स्प्रिंग असतात. दहा मिलिमीटरचा बोल्ट व्यवस्थित आवळला की तो किंचित लांबतो आणि तीन-साडेतीन टनांनी परत आखडायला बघतो. त्या आखडण्यावर सगळं इंजिन उभं आहे. टॉर्क पान्यावर आपण जेवढा जोर लावतो त्यातला बहुतेक आट्यांच्या आणि डोक्याच्या घर्षणातच जातो, जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. म्हणून आट्या साफ हव्यात, ऑइलचा थेंब हवा. कोरडा, गंजका आटा पान्याला खोटा आकडा सांगतो. मामा बोल्टांच्या भोकांत बोट घालून पाहायचे ते यासाठी, हे मला फार उशिरा कळलं.

आणि काही लोकांनी तर हा सांधाच नको म्हटलं होतं. बेंटलेच्या ३ लिटरमध्ये, ज्या गाडीनं १९२४ साली ल मांची शर्यत जिंकली, हेड वेगळं नव्हतंच. सिलिंडर आणि हेड एकाच ओतीव लोखंडात. अमेरिकेतल्या ऑफेनहाउझर इंजिनातही तेच. इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत या इंजिनानं अनेक दशकं राज्य केलं आणि १९७६ साली तिथला शेवटचा विजय मिळवला, तेव्हा त्यात टर्बोही होता. गॅस्केट नाही, म्हणजे ते फुटणंही नाही. किंमत मोजावी लागे ती दुरुस्तीला. व्हॉल्व्ह घासायचे तर अख्खा ब्लॉक क्रँककेसवरून उचलावा लागे, आणि व्हॉल्व्हपर्यंत सिलिंडरमधून हात घालून पोचायचं. वाडीच्या गल्लीत असलं इंजिन आलं असतं तर मामांनी काय केलं असतं याची मी पुष्कळदा कल्पना करतो. मला वाटतं, त्यांनी आधी थोडा वेळ नुसतं पाहिलं असतं.

प्लेट हा प्रकार मुळातच चूक आहे असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर ब्रिटनमध्ये हलक्या दर्जाचं 'पूल' पेट्रोल मिळायचं, तेव्हा कित्येक मोटरसायकलींच्या सिलिंडरखाली कॉम्प्रेशन प्लेट घालत आणि चांगलं पेट्रोल आलं की काढून टाकत. तिथे ती क्रँककेस आणि सिलिंडरच्या मध्ये असते, जाळापासून दूर, त्या सांध्याला फक्त ऑइल अडवायचं असतं. तो शहाणपणाचा उपयोग होता. ड्रॅग रेसिंगवाले, म्हणजे सरळ रस्त्यावर छोट्या धावेची शर्यत लावणारे, हेडखाली जाड प्लेट वापरतात तेव्हा स्लीव्ह, म्हणजे लायनर, प्लेटमधून थेट वरपर्यंत नेतात, म्हणजे पिस्टनच्या रिंगला सांधा लागतच नाही. तांब्याच्या गॅस्केटखाली प्रत्येक सिलिंडरभोवती खाच पाडून त्यात स्टेनलेसची तार बसवतात, ती तांब्यात रुतते आणि जाळ अडवते. प्लेटही ब्लॉकच्याच धातूची निवडतात. आणि त्यांचं इंजिन काही सेकंदांच्या धावेसाठी असतं, ते ठरल्याप्रमाणे उघडून बघतात. आपली गाडी मेमध्ये रामटेकला जाऊन संध्याकाळी परत यायला हवी असते. हा फरक मी तेव्हा केला नाही.

जिप्सीत शेवटी जुनंच कॉम्प्रेशन परत आलं आणि टर्बो मित्रानं विकला. पण ब्लॉक बाहेरच होता, चौथ्या सिलिंडरला ओरखडे होते, बोअर करून होनिंग, म्हणजे आतली भिंत दगडांनी घासून नेमक्या मापाला आणणं, करायचं होतं. तेव्हा मामांनी दुसरी प्लेट केली.

ही चाळीस मिलिमीटर जाड. भंगारातून उचललेला पोलादाचा तुकडा, तिच्यात चार भोकं, बोअरपेक्षा दोन मिलिमीटर मोठी, आणि बोल्टांची भोकं हेडसारखीच. ही इंजिनमध्ये राहत नाही. होनिंग करण्याआधी ती गॅस्केटसह ब्लॉकवर ठेवायची, हेडच्याच बोल्टांनी, हेडच्याच टॉर्कला, मधून बाहेर अशा क्रमानं, तीन टप्प्यांत आवळायची, आणि तिच्या भोकांतून होनिंगचं डोकं आत घालायचं. बोल्ट आट्यांत तेवढाच खोल जायला हवा जेवढा हेड असताना जातो, म्हणून मामांनी वॉशर घासून घासून जाडी जुळवली. त्यांनी हे कुठे पाहिलं होतं ते कधी सांगितलं नाही. टॉर्क प्लेट हे तिचं नाव मीच पुढे वाचून त्यांना सांगितलं. काही जण तिलाही डेक प्लेटच म्हणतात, आणि एकाच नावाच्या या दोन वस्तू माझ्या आयुष्यात पाठोपाठ आल्या.

त्या दिवशीचं मोजमाप मी विसरणार नाही. ब्लॉक मोकळा असताना बोअर गेज घातला: पाच मायक्रॉनच्या आत गोल. मामांनी प्लेट आवळली आणि वरून दोन सेंटिमीटर खाली तोच गेज, त्याच जागी फिरवला. काटा चार जागी वर गेला, चार जागी खाली. पंचवीस मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. प्रत्येक सिलिंडरभोवती चार बोल्ट, प्रत्येकानं आपापल्या बाजूची भिंत ओढलेली, आणि गोल बोअर चार पाकळ्यांचा झालेला. मी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. आजवर या दुकानातून जी जी इंजिनं गोल बोअर करून गेली, ती हेड आवळल्यावर अशीच झाली असणार. पाकळीच्या खोबणीत रिंग पोचत नाही. तिथून जाळ खाली जातो, ऑइल वर येतं, आणि गाडी नवी असून धूर मारते. गिऱ्हाईक म्हणतं रिंग खराब, दुकानदार म्हणतो ऑइल खराब.

आवळलेल्या प्लेटमधून होनिंग झालं. काटा स्थिर झाला. मग मामांनी बोल्ट ढिले केले, प्लेट उचलली आणि मला म्हणाले, "आता मोज."

बोअर वाकडा होता. मोकळा असताना वाकडा, पाकळ्या आता उलट्या दिशेनं.

"पाह्यलं? आवळन तवा गोल होईन."

मी कितीतरी वेळ त्या ब्लॉकशेजारी बसून राहिलो. जी वस्तू मध्ये टाकून कायमची ठेवायची होती ती इंजिनला सोसली नाही, आणि जी मध्ये येऊन निघून गेली ती आतल्या भिंतीवर राहिली. पुढे वर्षभरानं मामांकडून बोअर करून नेलेला एक ब्लॉक दुसऱ्या दुकानात मोजला गेला, मोकळाच, आणि गिऱ्हाईक भांडायला आलं की तुम्ही वाकडं केलं. मामा भांडले नाहीत. प्लेट काढली, आवळली, गेज त्याच्या हातात दिला. तो माणूस गेजकडे पाहत होता आणि मामा त्याच्याकडे. बोलण्यात वेळ गेला नाही, पण प्लेट आवळायला आणि सोडायला अर्धा तास गेला, आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. टॉर्क प्लेटचे जास्तीचे पैसे आजही गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागतात. मला हे फार लागतं. चांगल्या कामाचा निम्मा भाग असा असतो की तो उघडून दाखवायला गेलं तर चुकीचा दिसतो.

मी आता बुटीबोरीला एका कारखान्यात देखभालीच्या कामाला आहे आणि रविवारी वाडीला जातो. तीन मिलिमीटरची प्लेट मामांनी दुकानातच ठेवली, खिळ्याला, लालसर भुकटीसकट. नव्या पोरांना दाखवायला असेल असं मला वाटायचं, पण ते कोणाला मुद्दाम दाखवत नाहीत. मागच्या महिन्यात कॉलेजच्या रेसिंग टीमची दोन मुलं एका सिलिंडरचं इंजिन घेऊन आली. कॉम्प्रेशन उतरवायचं होतं. एकानं भिंतीवरची प्लेट पाहिली आणि विचारलं, "काका, अशी बनवून द्याल का?" मी त्यांना बसवून स्क्विशचं सांगितलं, वहीत आकडे मांडले, खोलगट पिस्टनच्या किमतीचंही सांगितलं. एकानं फोनवर लिहून घेतलं, दुसरा गप्प होता. त्याच्या चेहऱ्यावर माझाच चोवीस वर्षांचा राग मला ओळखीचा वाटला. प्लेट करायचीच ठरलं तर ब्लॉकच्याच धातूची करा, एवढं तरी ऐका, म्हटलं. पुढच्या रविवारी येतो म्हणाले, आता निदान फेस तरी तपासून द्या.

मामांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ते स्टुलावर बसून होते. मी मुलांचा सिलिंडर फिरवून उन्हाकडे केला, पट्टी धारेवर ठेवली, डोळा खाली नेला.

"उजेड?" मामांनी विचारलं.

"एका जागी. बोल्टाजवळ."

"किती?"

मी पाती सरकवली. "तीन शतांश जाते. पाच नाही जात."

तीन शतांश म्हणजे पुस्तकाप्रमाणे पास. मुलंही तेच म्हणाली, त्यांनी मॅन्युअल वाचून ठेवलं होतं. मामा स्टुलावरून उठले, चाचपडत आले, नख त्या बोल्टाच्या भोकाकडून सिलिंडरच्या कडेपर्यंत नेलं आणि परत आणलं.

"ग्राइंडरवर घे," ते मला म्हणाले, आणि मुलांसाठी खुर्च्या पुढे ओढल्या.